पेटीतल्या दोन चिठ्ठ्या

ताई,

चुका पोटात घाल. मोबाईलवर एकेक अक्षर शोधत लिहिते, म्हणून उशीर होतो. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईने काल तरी काही खाल्लं का?

इथे कारखान्यात मी मूर्ती पेट्यांत भरते. बुद्धांच्या मूर्तीबरोबर एक चिठ्ठी असते, चीनच्या त्या ताओवाल्या म्हाताऱ्या साधूबरोबर दुसरी. सोमवारी आई जेवत नसल्याचा तुझा निरोप वाचला आणि वीस पेट्यांत चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली माझ्याकडून. खूप बोलणी खाल्ली.

बुद्धांच्या चिठ्ठीत आहे, हे हवं ते हवं यातून दुःख येतं, ते सोडलं की दुःख सुटतं. मला फक्त आईने दोन घास खायला हवेत. हे पण सोडायचं का गं?

ताओच्या चिठ्ठीत आहे, जोर लावू नका, पाण्यासारखं राहा, वाट आपोआप मिळते. आई आजारी पडल्यापासून दीड महिना मी कुठे जोर लावला? लाजून घरी यायला सुट्टीसुद्धा मागितली नाही. वाट काही मिळेना.

मूर्ती रंगवणाऱ्या रंगारीकाकांना विचारलं, तर म्हणाले, "एकात मन आवरायचं, दुसऱ्यात मोकळं सोडायचं."

"आणि रडू आलं तर?"

"लांब जाऊन रड बाई, रंग ओला आहे."

माझं नाव सांगून आईला एक घास भरव ना.

तुझी,
घुमी

अगं, आईने शिवलेला पिवळा ड्रेस मला आखूड व्हायला लागलाय. तिला सांग, बरी झाली की तिनेच लांब करून द्यायचा.