ताईचे ठोके

सोमवार, ३
नवी नोकरी, नवा कोट आणि कोटाला चक्क तीन खिसे! हृदय भरकटलं की झटका देऊन ताळ्यावर आणणारं साबणाच्या वडीएवढं यंत्र आमच्या हॉस्पिटलात डाव्या काखेखाली, कातडीच्या आत बसवतात आणि त्याची तार छातीच्या मधोमध नेतात. जखम चिघळू नये, रक्त साकळू नये, नको तेव्हा झटका बसू नये म्हणून डॉक्टरांनी बारा कामांची यादी केली आहे. अकरावं माझं. टाके घालण्याआधी सलाईन सोडायचं आणि तारेच्या कडेने दाबत अडकलेली हवा बाहेर काढायची. हवा राहिली तर यंत्राची ठोके ओळखण्यात चूक होते. पुढच्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीलाच ते बसवायचंय. ताई म्हणाली, लहानपणापासून माझा जीव खाल्लास, आता सांभाळ.

शुक्रवार, ७
सहा ऑपरेशनं झाली. हात बसला. यादीवरच्या माझ्या खुणा मी सकाळीच करून ठेवते. काम तर होणारच असतं. डॉक्टर म्हणाले, पोरगी चटपटीत आहे.

बुधवार, १२
आज ताईचं झालं. नातेवाइकांनी आत थांबायचं नाही असा नियम आहे, पण धाकटी असेल तरच टेबलावर झोपेन म्हणून ती हटून बसली. ग्लानीत तिने माझं बोट धरलं आणि मला भरून आलं. डॉक्टरांनी विचारलं, अकरा झालं का? मी यादी पाहिली. खूण होती. हो म्हणाले.

शुक्रवार, १४
ताई गेली. कपड्यांची बादली घेऊन जिना उतरत होती, झटका बसला आणि ती खाली — भाऊजी धावले तोवर संपलं होतं. यंत्रातल्या नोंदीत तिचं हृदय तेव्हा अगदी नीट चाललं होतं. एक्स-रेत तारेच्या टोकाशी हवा दिसली. माझ्यामुळे. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी यादी काढून माझी खूण पाहिली.

सोमवार, १७
तिचं यंत्र तपासणीसाठी काढून आमच्या टेबलावर, ट्रेमध्ये ठेवलंय. तार कापलेली. सकाळी पडद्याला जोडलं. ठोके दिसले. मिनिटाला बहात्तर. तंत्रज्ञ म्हणाला, बिघाड असेल. तो गेल्यावर मी हळूच ताई म्हणाले. शहाण्णव झाले.

मंगळवार, १८
ती आहे. मी वेड्यासारखी हसले, रडले. तिला सगळं सांगितलं, खूण, हवा, सगळं. ठोके शांत होते. मग पडद्यावर उमटलं: झटका दिला. ठोके एकशे चाळीस. तिला दुखतंय.

बुधवार, १९
आज नऊ झटके. एकही गरजेचा नाही. झटके तात्पुरते थांबवायला यंत्रावर चुंबक ठेवतात, तोही ठेवला — थांबत नाहीत. यंत्र कायमचं बंद करता येतं. पण मग तीही —

गुरुवार, २०
चौदा. आता झटक्याआधीच तिचे ठोके धावतात. घाबरते ती. माझी ताई कधी कशाला घाबरली नव्हती.
ताई, बंद करते. आता नाही दुखणार —
केलं. ठोके चालू आहेत. ऐंशी. बहात्तर. किती शांत — नाही. भरकटताहेत. या वेळी खरंच भरकटताहेत. आता झटका बसायलाच पाहिजे आणि मी तोच बंद — ताई, थांब, परत चालू करते —