गेलेल्या माणसाशी बोलता का?

सोमवार, १९ जुलै

चिमे,

दादाचे आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आमच्या इस्त्रीवाल्याबरोबर, त्याच्या टेम्पोतून पाठवतोय. तुझा गुडघा कसा आहे? दुकान बरं चाललंय. कोटांची कामं आहेत. नवा कारागीर काजं जाड करतो, ती मी उसवून पुन्हा करतो.

ती प्रश्नावली आठवते ना? तुझ्या भाच्यासाठी मनाच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली. 'गेलेल्या माणसाशी बोलता का? कुणी नसताना कुणीतरी असल्यासारखं वाटतं का?' पोराचे गुण चढे आले, तेव्हा मी तीच घरातल्या सगळ्यांकडून भरून घेतली, तुझ्याकडूनसुद्धा. सगळ्यांचेच चढे! ते कागद मी बाईंसमोर पसरले. म्हटलं, "हे माप दुसऱ्याच लोकांच्या अंगावर घेतलंय. आमची आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिला सांगितल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. मग आम्ही सगळेच वेडे का?"

बाई हसल्या. "खरं आहे तुमचं. म्हणून तर वेगवेगळ्या समाजांत आम्ही हे पुन्हा मोजून बघतोय. फक्त एक सांगा, आजी त्याला उत्तर देते का?"

मी म्हणालो, "छे!"

आणि लढाई मारल्यासारखा उठलो. गोळ्या सुरू व्हायच्या होत्या, त्या राहिल्या.

चिमे, प्रश्नावलीबद्दल मी चुकलो नव्हतो. आजही तेच म्हणेन. पण आपण आईशी बोलतो आणि आई गप्प असते. त्याच्याशी ती बोलते. भिंतीला कान लावून "हो आजी, नाही आजी" करताना मी त्याला पाहिलं होतं. बाईंकडे जायच्या आधी पाहिलं होतं. तूही फोनवर म्हणालीस, "दादा, त्याचं वेगळं आहे रे." मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?" तेव्हापासून तुझा फोन बंद.

आता आजी त्याला सांगते, बापाच्या हातचं खाऊ नको. शनिवारपासून त्याने दार आतून लावलंय. तुझी वहिनी ताट घेऊन बाहेर बसून आहे. मी हाक मारली की आत खुर्ची सरकते, दाराला टेकते. काल खिडकीतून दिसला. अंगात मी शिवलेलाच शर्ट, पण खांदे पार उतरलेत, गळ्यापाशी चार बोटं जातील. म्हणाला, "आत्या आली तर उघडतो." एवढंच.

मी आताच बाईंकडे निघालोय, तो 'छे' परत घ्यायला. बाई काय बोलायचं ते बोलोत. पण त्यांना घेऊन येईन तेव्हा दार उघडं हवं, आणि माझ्यासाठी ते उघडणार नाही.

इस्त्रीवाल्याची गाडी लगेच परत फिरते. त्याच गाडीत बस. तू मला पोटभर बोल, पण पोराच्या पोटात दोन घास गेल्यावर.

वयाने मोठा आहे, तरी हात जोडतोय.

दादा