पायाची चौकशी

अप्पा,

काल अळणावरजवळच्या एका गावात चौकशीला गेले होते. सरकारच्या गाडीने कुणाला धक्का दिला, कुणाची भिंत पाडली, की भरपाईच्या अर्जाची खातरजमा करायला हल्ली मीच जाते. तुम्ही गेल्यावर लागलेली ही नोकरी, तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तिथे सरकारी जीप घरात घुसून एका अक्कांचा हात मोडला होता. आणि त्याच हाताने अक्का माझ्यासाठी चहाचं पातेलं उचलत होत्या. वर मलाच म्हणतात, "काय नाही हो बाईसाहेब, बरं आहे आता. तुम्ही बसा की!" तुम्ही आठवलात, अप्पा, आणि खरं सांगते, आधी तुमचा रागच आला.

जुन्या हुबळीतलं आपलं भांड्यांचं दुकान, वर आपण. रस्ता रुंद करताना सरकारी यंत्राने दुकानाची भिंत पाडली आणि फडताळ तुमच्या गुडघ्यावर कोसळलं. पायाची भरपाई मिळाली की ऑपरेशन करायचं, असं ठरलं होतं. चौकशीचे साहेब येणार त्या दिवशी मी सकाळपासून तुम्हाला पढवतेय: खुर्चीतून उठायचं नाही, दुखतंय ते सांगायचं. तुम्ही शहाण्यासारखी मान डोलावताय. आणि साहेब दारात दिसले मात्र, तुम्ही काठी दाराआड सारून उभे! पाण्याचा तांब्या स्वतः आणलात, पेढ्यांचा आग्रह केलात. साहेबांनी कानडीत विचारलं, "आराम अदीरेन्री?" बरे आहात ना? आणि तुम्ही घामाघूम चेहऱ्याने हसून म्हणालात, "आराम अदीन्री!" घरी आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, हा तुमचा कायदा. सरकारचा कायदा त्याच्यापुढे काय टिकणार? अहवालात आलं की अर्जदार आधाराशिवाय चालतात, तक्रार नाही. भिंतीचे पैसे मिळाले, पायाचे नाहीत. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर मी तुम्हाला किती बोलले! जिन्यावर तुम्ही थांबलात की बोलायचे, रात्री पाय चोळताना बोलायचे. "करा अजून पाहुणचार." तुम्ही एकदाच म्हणालात, "अगं, तो माणूस उन्हातनं आला होता की." एवढं गोड माणूस कुणी असावं का, अप्पा?

काल मी अक्कांच्या हातातून पातेलं काढून घेतलं, चहा मीच केला. मग त्यांना रिकामा तांब्या उचलायला लावला. तो छातीच्या वर गेला नाही. अहवालात तेवढंच लिहिलं, त्यांचं 'बरं आहे' लिहिलं नाही.

हा कागद कुणाच्या हाती पडायचा नाही, म्हणून आता उरलेलंही लिहिते. त्या दिवशी साहेबांना जिन्यापर्यंत पोचवायला मी गेले होते. शेजारीपाजारी खाली उभे होते. साहेबांनी मला वेगळं विचारलं, "अप्पा नेहमी असेच चालतात?" चार लोकांसमोर बापाला लंगडा म्हणवेना मला. मी म्हणाले, "हो साहेब, बरे आहेत आता."

आपलं दार उघडं होतं. तुम्ही ते ऐकलंत, अप्पा, आणि तरी मरेपर्यंत माझी बोलणी खाल्लीत.