नावे पुकारणारा

अण्णा, माझे पुस्तक छापायला निघाले आहे. शेवटची मुद्रिते टेबलावर पडली आहेत आणि उद्या दुपारी ती प्रकाशकाकडे परत जायची आहेत. सगळे तपासून झाले. सुरुवातीच्या ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्यासाठी एक ओळ घालायची की नाही, एवढेच ठरायचे आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षांच्या वर झाली आणि एका ओळीसाठी मी तीन दिवस खोळंबले आहे. शिकवण्याचा पेशा असल्यामुळे कोणतीही गोष्ट दुसऱ्याला पायरीपायरीने समजावून सांगितल्याशिवाय मला ती स्वतःला कळत नाही. म्हणून ही तुम्हालाच सांगते. घरात तुम्ही बोलत होता आणि मी ऐकत होते. आता थोडे उलट होऊ द्या.

पुस्तक राय नावाच्या संगीताविषयी आहे. अल्जीरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरान नावाचे बंदर आहे. ते शहर आणि त्याच्या मागची खेडी यांतून हे गाणे वर आले. राय म्हणजे मत, स्वतःचे म्हणणे. गाणारा दोन ओळींच्या मध्ये 'माझी राय, माझी राय' अशी हाक घालतो. आपल्या मताने वागलो आणि त्याचे हे असे झाले, ही तक्रार तो दुसऱ्या कुणाकडे नव्हे, त्या मताकडेच करतो. मला ही कल्पना इतकी आवडते की वर्गात सांगताना माझे हात हलू लागतात आणि मुले हसतात. जुन्या काळी हे गाणे शेखांचे होते. शेखा म्हणजे घरादारातून उठलेल्या, भरड आवाजाच्या, गाऊन पोट भरणाऱ्या बाया. साथीला बोरूची लांब बासरी आणि नळीसारखे अरुंद ढोलके. त्या दारूविषयी, देहाविषयी, सोडून गेलेल्या माणसाविषयी गात. लग्नात त्यांना बोलावणारी माणसे बाजारात त्यांना ओळख दाखवत नसत. पुढे तरुण गायक आले, सिंथेसायझर आले, ताल वाजवणारे यंत्र आले आणि कॅसेटचा धंदा उभा राहिला. कॅसेट काढणारा निर्माता बहुधा दुकानदारच असे. तो सकाळी गाणारीला बोलवी, एक वादक आणि एक यंत्र यांच्यावर तिच्याकडून सगळी गाणी एका बैठकीत गाऊन घेई, आणि ती घरी गेल्यावर बाकीची वाद्ये तिच्या माघारी चढवी. कॅसेटच्या वेष्टनावर पुष्कळदा तिचा चेहराही नसे. कुठल्या तरी दुसऱ्याच देखण्या बाईचे चित्र असे. या निर्मात्यांवर मी एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. परीक्षकांना ते फार कठोर वाटले. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

पण पुस्तकाचा जीव त्याच्या पुढच्या, पाचव्या प्रकरणात आहे. ओरानच्या किनारी रस्त्यावर कॅबरे असत. तिथे गाणाऱ्याच्या शेजारी एक माणूस उभा राही, त्याला बर्राह म्हणतात, म्हणजे पुकारणारा. श्रोत्यांपैकी कुणी खूश झाला की तो बर्राहच्या हातात नोट ठेवी आणि कानात सांगे: हे अमक्याच्या मानासाठी, तमक्या गावच्या मित्रांसाठी, जिने सोडून दिले तिच्या नावाने. बर्राह हात वर करी, वाद्ये खाली येत, आणि तो ते नाव असे पुकारी की साऱ्या दालनाने मान वळवून पाहावे. नाव संपते तिथेच गाणारीने पुढची ओळ उचलायची, आणि जमल्यास ते नाव ओळीत ओवायचे. लगेच दुसऱ्या टेबलावरून त्याच्यावर चढ असे दुसरे नाव येई. बाहेरच्या अभ्यासकांना हा गाण्यातला व्यत्यय वाटला. मी साठ पाने खर्चून दाखवले आहे की तो व्यत्यय नव्हे, गाण्याची ती रचनाच आहे. पुकारणाऱ्याचा श्वास हे त्यातले एक वाद्य आहे. त्यावर आधी लिहिलेल्या लेखांमुळे लोक मला या एका सिद्धांतासाठी ओळखतात.

तुम्हाला यात नवे काय, अण्णा? तुम्ही गावाबाहेरच्या संगीतबारीच्या थिएटरात माईक हातात धरून लावणीवर पैसे उधळणाऱ्यांची, दौलतजादाची नावे पुकारीत होता. एकोणीस वर्षे.

सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात स्टोव्हशेजारी भिंतीकडे तोंड करून बसता. दार आतून लावलेले. एक हात कानावर. त्या दिवशी जी मंडळी यायची असतील त्यांची नावे, गावे, वडिलांची नावे, मान तुम्ही हलक्या आवाजात घोळवता आहात. ढोलकीची थाप आई परातीवर बोटांनी देते, कारण नाव थापेच्या आधी अर्धा श्वास सुटले पाहिजे, थापेवर पडले तर मेले. मी चटईवर पाढे लिहिते आहे आणि पाढ्यांऐवजी तुमचे श्वास मोजते आहे. कागद तुम्ही कधी वापरला नाही. "नाव वाचून दाखवलं तर ती हजेरी होते," असे तुम्ही आईला म्हणाला होता. आणि त्याच स्टोव्हशेजारी, मला पाचवीत घालायच्या आदल्या दिवशी, शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तुम्ही लिहिलेत: कारकून, सहकारी संस्था. मग माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलेत. वडील काय करतात? कारकून आहेत. कुठे? सहकारी संस्थेत. कोणत्या? "एवढं कुणी विचारत नाही," तुम्ही म्हणालात, आणि ते खरे निघाले.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनात बक्षिसांची नावे वाचायचे काम माझ्याकडे आले. मी कागद खाली ठेवला. पहिल्याच मुलीचे नाव मी तिच्या आजोबांपासून सुरू केले, गाव घेतले, मान घेतला, आणि शेवटी तिचे नाव असे सोडले की अख्खा मांडव टाळ्यांनी उठला. गुरुजी डोळे पुसून हसत होते. मला वाटले, तुम्ही मागून पाहताय, तुमची छाती फुगली असेल. तुम्ही मला मांडवाच्या मागे नेलेत.

"हे कुठं शिकलीस?"

"तुमच्याकडंच की."

"माझ्याकडनं काय शिकायचं ते मी सांगीन. हा आवाज पुन्हा काढलास तर शाळा बंद करीन. समजलं?"

मला समजले. त्यानंतर मी असे बोलायला शिकले की माझ्या बोलण्यावरून माझा पत्ता लागू नये. आज सहकारी माझ्या व्याख्यानशैलीला संयत म्हणतात.

आठवीत शिष्यवृत्तीच्या अर्जावर तुमची सही हवी होती आणि मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणून मी दुपारी थिएटरावर आले. अंगणात बाया केस वाळवीत मटार सोलत होत्या. तुम्ही कारखान्याच्या एका संचालकांबरोबर चहा घेत होता. मी समोर उभी राहिले तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काहीही हलले नाही.

"शेजाऱ्यांची पोर आहे," तुम्ही त्यांना सांगितलेत. "वडील गावाला गेलेत, म्हणून मला सही मागतीय."

"मास्तर, पोरगी तुमच्यावानी दिसती की ओ."

"आमच्या आळीत सगळीच अशी दिसतात, साहेब."

सगळे हसले. तुम्ही सही केलीत. एक बाई म्हणाली, "बस की गं बाय, पाणी तरी पी," आणि तुम्ही म्हणालात, "तिला घाई आहे." लोक म्हणतील, तुम्ही मला वाचवलेत. त्या अंगणात मला कशापासून वाचवायचे होते, हे मी आजवर कुणालाच समजावून सांगू शकलेले नाही, आणि समजावून सांगणे हाच माझा धंदा आहे.

मीही तुमच्याहून वेगळी निघाले नाही. तुमच्या तेराव्याला त्या बाया जीप करून आल्या. पाचजणी होत्या, पांढऱ्या पातळात, डोक्यावरून पदर. सगळ्यांत थोरलीच्या हातात एक गुलाबी फेटा होता. माईकवर उभे राहताना तुम्ही तो डोक्याला बांधत होता म्हणे. मी तो कधी पाहिला नव्हता. आत माझ्या कॉलेजच्या प्राध्यापिका बसल्या होत्या. मी दारातच म्हणाले, "घरात पाहुणे आहेत. नंतर या." ती म्हणाली, "आम्ही बी पाहुण्याच हाय की, ताई. बरं, येतो." फेटा घेऊन त्या परत गेल्या. मी तो मागितला नाही.

इथे आयर्लंडमध्ये, नास नावाच्या ज्या गावात मी राहते, तिथे एक अल्जीरियन मेकॅनिक आहे. साठीचा, ओरानचा. माझी गाडी दरवर्षी त्याच्याकडे जाते. त्याचा काका बर्राह होता. हे तो गाडीखालून, हात तेलात बुडालेले असताना, टायर बदलायला आलेल्या कुणालाही सांगतो. "माझा काका उभा राहिला ना, प्रोफेसर, की बंदरातले चोरसुद्धा खुर्चीत ताठ बसायचे. आपलं नाव येणार म्हणून!" मग पाना हातात घेऊन तो नाव पुकारून दाखवतो आणि शेजारच्या बेकरीतली आयरिश बाई टाळ्या वाजवते. त्याच्याकडून मी पुष्कळ शिकले. त्याहून जास्त, मी त्याचा हेवा केला. अशा वडीलधाऱ्याचे नाव असे मोठ्याने घेता येते, हे मला त्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा दिसले.

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी इथल्या वाचनालयात माझे व्याख्यान झाले. तीसेक माणसे होती, तो पहिल्या रांगेत. नाव तालाच्या किती आधी सुटते हे मी फळ्यावर रेघा ओढून सांगत होते आणि कुणाच्या डोक्यात ते शिरत नव्हते. शेवटी मी खडू ठेवला आणि करून दाखवले. एक काल्पनिक नाव, एक काल्पनिक गाव. मेकॅनिक उभा राहिला.

"हे पुस्तकातलं नाही, प्रोफेसर."

"कॅसेट ऐकून," मी म्हणाले.

"कॅसेटवर श्वास ऐकू येत नाही. घरात कोण होतं? वडील?"

"नाही. माझे वडील कारकून होते."

"ग्रँड," ठीक आहे अशा अर्थी इथले लोक म्हणतात तसे तो म्हणाला आणि बसला. पण चहाच्या वेळी तो माझ्याशी बोलला नाही. दोन दिवसांनी गाडी आणायला गेले तेव्हा किल्ली देत म्हणाला, "माझ्या काकाची बायको लोकांना सांगायची, नवरा डाकखान्यात आहे. काकाला कळलं तेव्हा तो तिच्याशी महिनाभर बोलला नव्हता." मी विचारले, हे आज का सांगतोस? तो खांदे उडवून म्हणाला, "असंच. आठवलं." तुम्ही असता, तर त्या काकाच्या बायकोला शाबासकी दिली असती.

त्याच्या काकाचे नाव ऋणनिर्देशात आहे, गावासकट. त्याच पानावर तीन ग्रंथालये आहेत, दोन संग्रहालये, एक शिष्यवृत्ती, माझे मार्गदर्शक, आणि या घराच्या मालकीणबाई, ज्यांनी कपाटातली कपबशी हलवून तिथे माझ्या कॅसेटी ठेवू दिल्या. तुमच्यासाठी मी तीन दिवसांत सात ओळी लिहिल्या. सगळ्यात चांगली सर्वांत साधी होती: माझे वडील लावणीच्या थिएटरात नावे पुकारीत, या पुस्तकातले पाचवे प्रकरण त्यांच्याकडून आले आहे.

इथपर्यंत काल लिहिले होते. आज मुद्रिते गेली. ओळ त्यांत नाही.

सकाळपासून मी स्वतःला तुमचीच कारणे देत होते: लोक काय म्हणतील, आईकडच्या माणसांना काय वाटेल. पण राहवले नाही म्हणून पद्धतशीर विचार केला, तर ती कारणे टिकत नाहीत. आयर्लंडमध्ये छापलेले, अल्जीरियाच्या गाण्यावरचे इंग्रजी पुस्तक आपल्या तालुक्यात कुणीही वाचणार नाही. आईही आता नाही. इथल्या लोकांना तर ती ओळ आवडलीच असती. कुणी त्यावर लेखही लिहिला असता. लाज वाटण्याजोगे आता कुठेच काही उरलेले नाही. तरी मी ती खोडली, कारण ती वाचून लोक म्हणाले असते, हिला हे घरातच मिळाले होते. पाचवे प्रकरण माझे आहे, अण्णा. बारा वर्षे मी त्यासाठी घालवली. ते मला कुणाबरोबर वाटून घ्यायचे नव्हते.