धक्का नांदवेळचा, चौथरा साकतखेडचा

साकतखेड, जिल्हा अहमदनगर
फेब्रुवारी १९४९

प्रिय याकोबराव यांस सत्यवानचा सप्रेम सलाम.

प्रभूच्या दयेने दीना व मी खुशाल आहोत. तुमची, सौ. मेरीची आणि नांदवेळ नगरपालिकेची प्रकृती ठीक असावी. यात नगरपालिकेचं नाव आधी घ्यायला हवं होतं की काय, मला ठाऊक नाही. नगराध्यक्षाला पत्र लिहिण्याची रीत आम्हा शाळामास्तरांना कोणी शिकवलेली नाही. मायन्यात ‘राजमान्य राजेश्री’ घालावं, असं दीनाचं मत पडलं. मी घातलं नाही. तुम्ही माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. खुर्ची मिळाली म्हणून धाकटा साडू थोरला होत नाही.

मला तुमचा हेवा वाटतो असं दीना म्हणते. हे साफ खोटं आहे. मी फक्त घडलेल्या गोष्टी जागच्या जागी ठेवून पाहतो. मी इथे जन्मलो, अर्ध्या गावाला बाराखडी शिकवली, कितीदा तरी निवडणुकीत पडलो आणि तेव्हा कुठे साधा सभासद झालो (तेही समोरच्या उमेदवाराला ऐन प्रचारात गोवर निघाला म्हणून). तुम्ही मिशनच्या दवाखान्यात कंपौंडर म्हणून एक पत्र्याची ट्रंक घेऊन कोकणात उतरलात. तिथे व्यापारी कोळ्यांचा अध्यक्ष होऊ देईनात, कोळी व्यापाऱ्यांचा होऊ देईनात, आणि खोकल्याचं औषध मात्र दोन्हीकडच्यांना तुमच्याच हातचं लागे. तेवढ्यावर तुम्ही अध्यक्ष. यात कर्तबगारी किती आणि खोकला किती, हे मी विचारत नाही.

नाताळात तुमच्याकडे आलो तो प्रसंग तुम्ही तिकडे रंगवून सांगत असालच, म्हणून माझी बाजू लिहितो. आगबोट लांब समुद्रात थांबली, आम्हाला पडावात उतरवलं आणि तो पडाव खाडीच्या तोंडाशी येऊन गाळात बसला, कारण ओहोटी होती. (समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा निघून जातं, हे मी दरवर्षी भूगोलात शिकवतो. पण ते आपण पोचायच्या वेळीच जाईल, असं पुस्तकात कुठे दिलेलं नाही.) पाहतो तो काठावर तुम्ही उभे, आणि तुमच्या मागे पागोटी, टोप्या, छत्र्यांसकट अख्खी नगरपालिका! खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. म्हटलं, काही झालं तरी साडू आहे, सगळे सभासद घेऊन स्वागताला आला. मी नव्या कोटाची बटणं लावली, पडावाच्या टोकावर चढलो, हात उंच करून सलाम केला आणि त्या सलामासकट कमरेपर्यंत चिखलात गेलो.

तुमचे सभासद धोतरं खोचून धावले, हे मी नाकारत नाही. पण आधी आलेले रुतले, त्यांना काढायला आलेले त्यांच्याच शेजारी रुतले, आणि शेवटी मासळीच्या टोपल्या घेऊन त्याच चिखलातून येणाऱ्या बायकांनी हसत हसत आम्हा सर्वांना दंडाला धरून काठावर लावलं. तेव्हा तुम्ही पुढे होऊन म्हणालात, “दाजी, फार बरं झालं आलात!” हे स्वागत नव्हतं, हे मला घरी गेल्यावर मेरीने सांगितलं. ओहोटीला त्या बायका कशा येतात, आजारी माणूस पडावात कसा चढवतात, हे सभासदांना दाखवायला तुम्ही त्यांना तिथे नेलं होतं. मी आपला मध्येच आलो आणि कार्यक्रमाला रंग चढला.

त्याच संध्याकाळी तुमची सभा. सरकारी अनुदानातून आधी कोणतं काम करायचं आणि मग पुढे कोणतं, ते ठरवायचं होतं. एकाला बाजारपेठेत दिवे हवे होते, एकाला मंडई, एकाला वाचनालय; कोळ्यांच्या प्रतिनिधीला खाडीवर होड्या लावायला दगडी धक्का. तासभर आरडाओरडा झाला. (मी मनातून सुखावलो होतो. आता दिसेल याचा कारभार, म्हटलं.) तेवढ्यात तुम्ही शांतपणे म्हणालात, “प्रत्येकाने एक काम निवडा. अट एवढीच, स्वतः सुचवलेलं सोडून.” आणि गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेल्या त्या सभासदांनी एकेक करून धक्का म्हटलं! कोळ्याने तेवढी मंडई म्हटली. मग उरलेल्या कामांना पुन्हा तीच अट; दुसरं काम मंडई, तिसरं दिवे, असं खाली खाली सगळं जुळत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण ते हात गार पडले होते म्हणून.

त्या रात्री मेरीने वाढलेली सुरमई मला गोड लागली नाही. दीना मात्र परतीच्या वाटेवर, आगबोटीत आणि पुढे नगरपर्यंत एस.टी.त, “काय डोकं हो याकोबरावांचं!” एवढंच म्हणत होती. तुमच्या डोक्याबरोबर इतका लांबचा प्रवास करणं सोपं नाही.

साकतखेडला आलो तर इथेही तेच. आमच्या नगरपालिकेलाही एका कामापुरतं अनुदान आलेलं. मार्चअखेर ठराव झाला नाही तर ते परत जाणार. गोरक्ष सावंत्यांना चौकात घड्याळाचा मनोरा हवा. कानिफनाथ शेठांना पक्का रस्ता हवा (तो त्यांच्या तेलाच्या घाण्याशी जाऊन संपतो, हा योगायोग). मी खालच्या आळीसाठी विहीर सुचवली होती, कारण तिथल्या बायका आत्तापासूनच नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणून वाट्यांनी पाणी भरतात. आणि म्हातारे सहादेव अण्णा दरवर्षीप्रमाणे बँडच्या चौथऱ्याचं बोलले. गावात बँड नाही. लग्नाला श्रीगोंद्याहून मागवतात. अण्णांच्या सूचनेवर सगळे दरवर्षी हसतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

नांदवेळचा विषय मी चारचौघांत काढला होता, त्यामुळे सभा चालवायचं काम माझ्याकडे आलं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि तुमचीच अट घातली. स्वतःचं सोडून दुसऱ्याचं निवडा. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मला वाटलं, विचार करताहेत. विचारच करत होते, पण वेगळा. गोरक्षने मनात म्हटलं, रस्त्याला मत दिलं तर रस्ता निवडून यायचा, त्यापेक्षा जे कधीच होणार नाही त्याला द्यावं. म्हणजे आपला मनोरा शाबूत. त्याने चौथरा म्हटलं. कानिफनाथ शेठांनी तोच विचार करून चौथरा म्हटलं. बाकीच्यांनीही. माझी पाळी आली तेव्हा (हे फक्त तुम्हाला सांगतो) मीही विहीर वाचवायला चौथराच म्हटलं. अण्णांनी एकट्याने विहीर म्हटलं. ठराव पास!

अण्णा पागोटं सावरत उठले. “मास्तर, लोक हासत्यात म्हनून मी दर साली म्हनायचो,” ते म्हणाले. “ह्ये खरंच व्हनार हाय व्हय?” दुसऱ्या दिवशी खालच्या आळीची चांगुणा रिकामा हंडा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. “मास्तर, त्या चौथऱ्यावर हंडं ठिवाया जागा ऱ्हाईल का?” एवढंच तिने विचारलं. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दीनाचं म्हणणं निराळंच. ती म्हणाली, “याकोबरावांनी आधी सगळ्यांना चिखल दाखवला आणि मग विचारलं. तुम्ही कोणाला काय दाखवलंत?” बायकांना सभेच्या कामकाजाची माहिती नसते, असं मी उत्तर दिलं. त्या दिवसापासून भाजीत मीठ कमी आहे.

असो. मेरीला आशीर्वाद.

तुमचा थोरला साडू,
सत्यवान

ता. क. १ : फेरविचाराची सभा येत्या सोमवारी आहे. तुम्ही यावं. दौंडला उतरलात तर मी बैलगाडी घेऊन येईन. सभेत मी तुम्हाला ‘अध्यक्षसाहेब’ म्हणेन. घरी म्हणणार नाही.

ता. क. २ : येण्याआधी एक बारीक गोष्ट कानावर घालतो. ही स्वतःचं सोडून निवडण्याची पद्धत मीच नांदवेळकरांना शिकवून आलो, असा सभेपूर्वी गावाचा समज झाला होता. मी तो मोडला नाही. सभेनंतर लोक फार चिडले, तेव्हा मात्र सत्याला स्मरून मी तुमचं नाव सांगितलं. तरी बैलगाडीतून उतरताना जरा जपून.

ता. क. ३ : पत्र टपालात टाकायचं राहिलं, तोवर इथे वेगळंच घडलं. रविवारी प्रार्थनेनंतर दीनाने सगळ्या सभासदांना चहाला बोलावलं, आणि ते बैठकीत बसल्यावर सांगितलं की घरात पाण्याचा थेंब नाही, चहा हवा असेल तर चांगुणेबरोबर झिऱ्यावर चला. लाजेकाजेस्तव सगळे गेले. भर उन्हात कानिफनाथ शेठ पात्रात उकिडवे बसून वाटीने हंडा भरत होते. वाटीभर पाणी काढलं की पुन्हा ते साठेपर्यंत थांबायचं. सहादेव अण्णाच शेवटी म्हणाले, “आदी हीर. चौथऱ्याची मी वाट बघीन. दुसरा लंबर तरी ठिवा.” सोमवारी विहीर पहिली पास झाली, चौथरा दुसरा, रस्ता तिसरा. मनोरा शेवटी, गोरक्ष माझ्याशी बोलत नाही. चहा मात्र रविवारीच सगळ्यांना मिळाला. चांगुणेने दोनदा घेतला.

म्हणजे आता तुम्ही यायची गरज उरली नाही. मेरीला पाठवलंत तर चालेल. सोबत सुकी सुरमई द्या.

ता. क. ४ : सभेच्या शेवटी ‘नांदवेळचे नगराध्यक्ष श्री. याकोबराव यांच्या मार्गदर्शनाबद्दल ही सभा त्यांची आभारी आहे’ असा ठराव आला. (दीनाचे आभार मानण्याचं कोणाला सुचलं नाही, मला सुचलं, पण बघ्यांत बसलेल्या तिने डोळे वटारले.) तुमचा ठराव बहुमताने मंजूर झाला. एक सभासद तटस्थ राहिला. कोण, ते विचारू नये.