सामान्य कुशल माणसाची साक्ष

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
सर्व्हर-रूममध्ये सगळ्यांची विचारपूस केली. एक नंबर ठणठणीत. दोनला कालपासून ताप. तीनचा पंखा खोकतो. चार म्हातारा, पण माझ्यासारखा काटक.

साहेबांनी बोलावलं. एका कंपनीने पेटंट मागितलंय: शेजारचा सर्व्हर उत्तर द्यायला उशीर करू लागला, की तो बंद पडायच्या आत त्याचं अर्धं काम आपण उचलायचं. त्यांचा अर्ज छापून आला तेव्हापासून आपणही हेच करतो. त्यांना पेटंट मिळालं तर आपल्याला हे काढून टाकावं लागेल. मात्र त्या कामातल्या सामान्य कुशल माणसाला सहज सुचेल अशा युक्तीला पेटंट देत नाहीत म्हणे. आपण पेटंट ऑफिसात विरोध नोंदवलाय, तिथे असा माणूस साक्षीला हवाय. म्हणजे मी.

५ मार्च.
'सामान्य' शब्द खटकला. बायकोला सांगितलं. म्हणाली, सामान्य तर आहातच, कुशलचं तेवढं बघा. हिला तंत्रातलं काही कळत नाही.
अर्ज वाचला. छत्तीस पानं. दमलेल्या शेजाऱ्याला हात द्यावा, एवढंच. आमच्या आईने हे कपाळाच्या एका आठीत सांगितलं असतं.
संकल्प: रोज एक तास कायदा वाचणे.

९ मार्च, रविवार.
कायदा राहिला. नडत नाही. मशीन उघडून शिकलेला माणूस मी, पुस्तकं काय शिकवणार?
आमच्या वकीलबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, काका, विचारलं तेवढंच बोला, हो किंवा नाही. गुणी पोर आहे, जेवूनच पाठवली. पण माझा अनुभव हो-नाहीत मावायचा कसा?

१२ मार्च. सुनावणी.
साक्ष दणक्यात झाली. आमच्या बाईंनी विचारलं, ही युक्ती सहज सुचेल? म्हटलं, झोपेत सुचेल.
मग समोरचा वकील उठला. काडीपैलवान, पण बोलायला साखर. सर्व्हर किती वर्षं सांभाळता? बावीस. बंद पडायचे? आठवड्यातून दोनदा. मग काय करायचात? चालू करायचो. मग म्हणाला, एवढी सोपी युक्ती तुम्हाला बावीस वर्षांत सुचली कशी नाही, काका?
हा मला बिनडोक ठरवायला निघाला. सोडतो की काय. म्हटलं, मला जे सुचलं नाही, ते या धंद्यात कोणाच्या बापाला सुचणं शक्य नाही.
वकिलाने वाकून आभार मानले. आमच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. भरून आलं असणार.

२८ मार्च, शुक्रवार.
निकाल आला. पेटंट त्यांना. त्यात लिहिलंय: 'विरोधकांचा साक्षीदार हा नमुनेदार सामान्य कुशल माणूस आहे. त्याला बावीस वर्षांत न सुचलेली युक्ती सहज सुचणारी म्हणता येणार नाही.'
साहेबांनी कागद पुढ्यात ठेवला. दुपारी मीच ती सोय काढून टाकली. चारच्या सुमारास दोन नंबर बंद पडला. चालू केला.
पेटंट ऑफिसला पत्र टाकलं. आपण सर्व खुशाल असाल. निकालाबद्दल तक्रार नाही. 'सामान्य' हा शब्द तेवढा खोडावा, आणि उलट टपाली कळवावं.