आधी कोणी बोलायचं
१४ मार्च, सकाळी सात

ती. आईस पोराचा नमस्कार,

गणवेशाला इस्त्री करून लिहायला बसलो आहे. तब्येत छान, जेवण वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

आमची आणि ती दुसरी, अशा दोन्ही विमान कंपन्या एक झाल्या, पण त्यांचे वैमानिक आणि आमचे अजून वेगळ्या टेबलांवर बसतात. ज्येष्ठता यादीत मी जरा खाली आलो. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

परवा जमिनीवरच्या सरावाच्या विमानात त्यांच्या कॅप्टनबरोबर सहवैमानिक म्हणून माझी परीक्षा होती. इंजिनाला आग लागल्याची घंटा वाजली. आमच्यात कॅप्टन आधी बोलतो, त्यांच्यात सहवैमानिक. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि दोघेही नापास झालो.

आमचे म्हणाले, "त्याची चूक म्हणून लिहून दे. तो खाली गेला की तू वर."

मी लिहिलं नाही. सरळ त्याच्या टेबलावर जाऊन बसलो. तो म्हणाला, "ये बाबा. मलाही आमच्यांनी हेच शिकवलंय." मग आम्ही तिथेच तालीम केली. दोन्हीकडचे टकमक बघत होते. शेवटी आमच्यातला एक खुर्ची ओढत आला, "काय ठरलं, आम्हालाही सांगा."

आज आमची फेरपरीक्षा आहे. पुन्हा नापास झालो तर विमान उडवणं सुटेल, पण नापास होणार नाही. आधी मी बोलायचं ठरलंय.

तुझा लेक